बेकारांसाठी ठेवलेला पैसा: कॅलमझूच्या अपजॉन इन्स्टिट्यूटचं प्रकरण

संशोधन संस्थेला पैसा कोण देतं, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा अहवालावरून भांडण पेटलं की निघतो. मग एक बाजू म्हणते, ‘ज्याचा पैसा त्याचंच गाणं’. दुसरी म्हणते, ‘आमच्यावर कुणाचा दबाव नाही’. दोघांनाही ट्रस्टचा दस्तऐवज वाचायची गरज वाटत नाही. इथे मांडलेलं प्रकरण त्या दस्तऐवजापासून सुरू होतं. रोजगारावर संशोधन करणारी एक स्वतंत्र संस्था, तिचा पैसा कुठून आला, तिने तो कशावर खर्च केला आणि हाती आलेलं लोकांपर्यंत कसं पोचवलं, याचा हा नव्वद वर्षांचा हिशेब आहे. संस्था सर्वश्रुत आहे, म्हणून तिचं नाव घेतलं आहे. आतल्या माणसांची नावं मात्र गरजेपुरतीच.

पार्श्वभूमी

मिशिगन राज्यातलं कॅलमझू हे शिकागो आणि डेट्रॉइट यांच्या साधारण मधोमध असलेलं मध्यम आकाराचं शहर. कागदगिरण्या, सेलरीची शेती, गिब्सनच्या गिटारी, चेकरच्या टॅक्स्या ही त्याची जुनी ओळख. आणि अपजॉन कंपनीची औषधं.

डॉ. विल्यम इरास्टस अपजॉन हे खेड्यापाड्यांत प्रॅक्टिस केलेले डॉक्टर. त्या काळच्या गोळ्यांवर इतकं कडक कवच असे की कित्येकदा गोळी पोटात विरघळतच नसे. अपजॉननी अंगठ्याने दाबली तरी भुगा होईल अशी गोळी बनवली, १८८५ मध्ये पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी भावांना सोबत घेऊन कंपनी काढली. जाहिरात करायची त्यांची पद्धत गमतीची होती. डॉक्टरांना ते पाइनच्या लाकडाची एक छोटी फळी पाठवत, सोबत स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोळ्या. हातोडीने ठोका आणि बघा म्हणत. दुसऱ्याची गोळी खिळ्यासारखी फळीत शिरे. अपजॉनची बोटाखालीच चुरडे. हा तपशील मुद्दाम दिला. ‘तुम्ही स्वतः करून बघा’ या वृत्तीचा माणूस पुढे बेकारीवर पैसे ठेवताना ‘वाटा’ एवढंच न लिहिता ‘शोधा’ असंही लिहून गेला, याचं मग नवल वाटत नाही.

दुसरी सवय म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं घर बांधून द्यायची. १९१८ मध्ये शहराची नवी कारभारपद्धती लागू झाली तेव्हा ते पहिले महापौर झाले. १९२५ मध्ये हजार डॉलर देऊन शहरासाठी एक सार्वजनिक निधी सुरू केला, तो आजही चालू आहे. यातलं काहीही कंपनीच्या खात्यातून, कंपनीच्या मर्जीवर चालणारं नव्हतं.

मग महामंदी आली. कामावरून कमी केलेल्या माणसांना राबायला जागा मिळावी म्हणून अपजॉननी शेतजमीन घेतली. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखाच विचार: आधी हाताला काम, बाकीचं नंतर. पण १९३२ मध्ये, आयुष्याच्या अखेरीला, त्यांनी एक निधी बाजूला काढला आणि तो सांभाळायला स्वतंत्र विश्वस्त संस्था नेमली: ‘डब्ल्यू. ई. अपजॉन अनएम्प्लॉयमेंट ट्रस्टी कॉर्पोरेशन’. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. निधीच्या उद्देशात दोन गोष्टी होत्या. एक, बेकारीची कारणं आणि परिणाम यांचा शोध. दोन, ती हलकी करण्याचे उपाय.

पेच

१९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. ११ वर्षांनी, १९४४ मध्ये, हेच प्रमाण १.२ टक्क्यांवर आलं. सैन्याने माणसं नेली, उरलेली शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांनी नेली.

म्हणजे विश्वस्तांच्या हातात बेकारांसाठी ठेवलेला पैसा होता, आणि बेकारच उरले नव्हते.

विनोद वाटतो, पण धर्मादाय पैशाच्या इतिहासात हा पेच वारंवार येतो. एखादा आजार आटोक्यात येतो, एखादी चाल बंद पडते आणि तिच्यासाठी ठेवलेला निधी बँकेत व्याज खात पडून राहतो. दाता हयात नसतो, दस्तऐवज बोलत नाही, आणि विश्वस्त जोखीम नको म्हणून काहीच करत नाहीत.

त्यातच उलट दिशेची भीतीही खरी होती. युद्ध संपलं की लाखो सैनिक घरी येणार, शस्त्रांचे कारखाने बंद पडणार, आणि मंदी पुन्हा दारात उभी राहणार, असं त्या काळी पुष्कळ जाणकार धरून चालले होते. १९४५ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे पूर्ण रोजगाराचं विधेयक आलं ते याच धास्तीपोटी; बरीच काटछाट होऊन १९४६ मध्ये त्याचा कायदा झाला.

समोरच्या वाटा

अशा वेळी विश्वस्त मंडळापुढे साधारण तीन वाटा असतात.

पहिली, पैसा तसाच राखून ठेवायचा आणि पुढची मंदी आली की मदतकाम काढायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण राष्ट्रीय मंदीत एका शहराचा खाजगी निधी किती दिवस पुरणार? १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने बेकारभत्त्याची व्यवस्था केंद्र आणि राज्यांच्या हाती दिली होती. मदत हे आता सरकारचं काम झालं होतं, आणि सरकारी तिजोरीपुढे हा निधी म्हणजे चिल्लर होती.

दुसरी वाट, पैसा एखाद्या मोठ्या विद्यापीठाला देऊन टाकायचा. हिशेब संपला, डोक्याचा ताप गेला. यात अडचण अशी की विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग स्वतःच्या आवडीचे प्रश्न घेतो. दोन-तीन प्राध्यापक निवृत्त झाले की ‘बेकारी’ हा शब्द फक्त अध्यासनाच्या पाटीवर उरतो.

तिसरी, स्वतःची संस्था काढायची. ही सगळ्यांत खर्चिक आणि बेभरवशाची. माणसं कोण येणार, तेही न्यूयॉर्क-शिकागो सोडून कॅलमझूला?

विश्वस्तांनी तिसरी निवडली. १ जुलै १९४५ रोजी संस्था सुरू झाली. सुरुवातीला तिच्या नावात ‘कम्युनिटी रिसर्च’ होतं. ‘एम्प्लॉयमेंट रिसर्च’ नंतर आलं. म्हणजे आधी आपलं गाव, मग देश, असाच क्रम होता.

माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. दस्तऐवजातल्या दोन उद्देशांपैकी ‘उपाय’ हा तेवढ्यापुरता निरर्थक झाला होता, पण ‘कारणं आणि परिणाम’ हा कधीच निरर्थक होणार नव्हता. दात्याने नुसतं ‘बेकारांना मदत’ असं लिहिलं असतं तर विश्वस्तांचे हात बांधले गेले असते. ‘लोककल्याण’ असं मोघम लिहिलं असतं तर पैसा कुठल्यातरी सभागृहाच्या बांधकामात गेला असता. विषय पक्का, मार्ग सैल, अशी ती शब्दरचना होती. आपल्याकडे ट्रस्ट डीड करताना वकील मागच्या डीडची नक्कल पुढे सरकवतो आणि उद्देशांच्या यादीत शाळेपासून गोशाळेपर्यंत सगळं बसवतो. ते सोयीचं असतं. फक्त पन्नास वर्षांनी त्या यादीवरून कुणाला काहीच ठरवता येत नाही.

पैशाची घडी

संस्थेचा पैसा आज तीन वाटांनी येतो. मूळ निधीचं उत्पन्न हा पाया. त्यावर सरकारी खाती आणि प्रतिष्ठानं यांचे प्रकल्प. आणि तिसरं, थोडं अनपेक्षित काम: नैर्ऋत्य मिशिगनमधल्या चार काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) सरकारी रोजगार सेवा चालवायची जबाबदारीही याच संस्थेकडे आहे. म्हणजे वरच्या मजल्यावर अर्थशास्त्रज्ञ समीकरणं मांडतात आणि त्याच संस्थेचे दुसरे कर्मचारी नोकरी गेलेल्या माणसाला अर्ज कसा भरायचा ते दाखवतात.

पैसा बाहेरही जातो. बाहेरच्या संशोधकांना, विशेषतः पीएचडी होऊन थोडीच वर्षं झालेल्यांना, संस्था लहान अनुदानं देते. रोजगारावरच्या उत्तम प्रबंधाला दरवर्षी पारितोषिक देते. रकमा डोळे दिपवणाऱ्या नसतात. पण तरुण संशोधकाला विदा, म्हणजे डेटा, विकत घ्यायची असते किंवा एखादा उन्हाळा शिकवणीतून मोकळा हवा असतो, आणि तेवढ्यासाठी मोठ्या प्रतिष्ठानाकडे चाळीस पानांचा प्रस्ताव पाठवण्यात अर्थ नसतो. बदल्यात लेख संस्थेच्या वर्किंग पेपरांत (जर्नलमध्ये येण्याआधी खुले केले जाणारे शोधलेख) द्यायचा आणि सामान्य वाचकाला कळेल असं त्याचं छोटं रूप लिहायचं. दुसऱ्या अटीचं मोल कमी लेखू नये. ज्याला आपला निष्कर्ष दोन पानांत सांगता येत नाही, त्याला तो नक्की काय आहे हेच कधीकधी कळलेलं नसतं.

पहिली कसोटी: इलिनॉयचे पाचशे डॉलर

१९८४-८५. शेजारच्या इलिनॉय राज्यात बेकारभत्त्यावर एक प्रयोग झाला. आखणी आणि मूल्यमापन या संस्थेचं. पैसा सरकारी रोजगार सेवेच्या निधीतला.

कल्पना साधी होती. बेकारभत्ता मिळतो म्हणून माणूस नोकरी शोधायला वेळ लावतो, अशी तक्रार जुनीच. मग वेळ लावला तर शिक्षा करण्याऐवजी लवकर नोकरी धरली तर बक्षीस दिलं तर? भत्त्यासाठी नव्याने अर्ज करणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. पहिल्याला सांगितलं: ११ आठवड्यांच्या आत नोकरी मिळवा, चार महिने टिकवा, ५०० डॉलर घ्या. दुसऱ्या गटाच्या बाबतीत तेच ५०० डॉलर, पण कामावर घेणाऱ्या मालकाला. तिसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, तो तुलनेसाठी. तेव्हाच्या सरासरी भत्त्याच्या हिशेबाने ५०० डॉलर म्हणजे साधारण चार आठवड्यांचे पैसे.

निकाल १९८७ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. बक्षीस थेट कामगाराला देऊ केलेल्या गटाने भत्ता सरासरी एका आठवड्याहून थोडा जास्त कमी घेतला. राज्याचा वाचलेला भत्ता दिलेल्या बक्षिसांपेक्षा जास्त निघाला. असा निकाल म्हणजे मंत्रालयातल्या कुठल्याही सचिवाला हवाहवासा.

मालकांच्या गटाची गोष्ट मात्र मला जास्त बोलकी वाटते. त्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांनी भाग घ्यायलाच नकार दिला. का, ते ताडायला अर्थशास्त्र लागत नाही. मुलाखतीला जाऊन ‘मला ठेवलंत तर सरकार तुम्हाला ५०० डॉलर देईल’ असं सांगायचं म्हणजे स्वतःच्या कपाळावर सवलतीच्या मालाची चिठ्ठी डकवून घेणं. समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येणार: याच्यात खोट काय आहे?

इथे संस्थेपुढे खरा निर्णय होता. निकाल गाजला होता, संस्थेचं नाव झालं होतं. इथेच थांबता आलं असतं. पण केंद्रीय श्रम खात्याने असेच प्रयोग न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन राज्यांत केले. त्यांतल्या वॉशिंग्टनच्या प्रयोगात या संस्थेच्या संशोधकांचाही हात होता. परिणाम दिसला, पण इलिनॉयपेक्षा बराच कमी. पुढे संस्थेच्याच एका संशोधकाने सहकाऱ्यासोबत आणखी टोचणारा प्रश्न मांडला: बक्षिसाच्या ओढीने ज्याने नोकरी पटकन धरली, त्याने ती भत्त्याला पात्रच नसलेल्या दुसऱ्या कुणाच्या हातून तर नाही ना घेतली? त्यांच्या हिशेबात याचं उत्तर बरंचसं ‘हो’ असं आलं. खर्च वाचवायचा तर बक्षीस सरसकट न देता दीर्घकाळ बेकार राहण्याची शक्यता असलेल्यांनाच द्यावं, इथवर हा विचार गेला. २००१ मध्ये यांतल्या तीन प्रयोगांचं एकत्र पुस्तक संस्थेनेच काढलं, त्यात ही उतरती कमान झाकलेली नाही.

आणि मूळ विदा? ती संस्थेच्या विदाकेंद्रातून बाहेरच्यांना उपलब्ध केली गेली. २००५ मध्ये दुसऱ्याच दोन अर्थशास्त्रज्ञांनी इलिनॉयची तीच विदा घेऊन नकार देणाऱ्यांचा हिशेब नव्या पद्धतीने मांडला. प्रयोग होऊन वीस वर्षं झाली होती. आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या शोधायला जा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल की त्या खोलीत पाणी शिरलं होतं.

दुसरी कसोटी: गावातलीच योजना

इलिनॉय शेजारचं राज्य. घरच्या अंगणातली गोष्ट जास्त अवघड असते.

१० नोव्हेंबर २००५ रोजी कॅलमझूच्या शाळा मंडळाच्या बैठकीत एक घोषणा झाली. शहराच्या सरकारी शाळांतून शिकलेल्या मुलांची मिशिगनमधल्या सार्वजनिक कॉलेजांची फी भरली जाणार. बालवाडीपासून इथे शिकलेल्याची पूर्ण, नववीपासून आलेल्याची ६५ टक्के, मधल्यांची प्रमाणात. गुणांची अट नाही, उत्पन्नाची नाही. पैसे देणारे कोण? नाव गुप्त. ‘कॅलमझू प्रॉमिस’ ही ती योजना.

गाव आधीच कोलमडत होतं. चेकरच्या टॅक्स्या १९८२ मध्ये बंद झाल्या होत्या, गिब्सनने १९८४ मध्ये गाशा गुंडाळला होता, जनरल मोटर्सचा कारखाना १९९९ मध्ये मिटला होता. अपजॉन कंपनी १९९५ मध्ये स्वीडनच्या फार्माशियात मिसळली, आणि २००३ मध्ये ते सगळंच फायझरच्या पोटात गेलं. अशा गावात ही घोषणा म्हणजे सणच.

आता संस्थेने काय करावं? योजना गावची, कौतुक सगळ्या देशात, देणारे अज्ञात आणि त्याच गावात राहणारे असू शकतात. संशोधक ज्याच्याशी किराणा दुकानात गप्पा मारतो, तोच कदाचित दाता असेल. योजनेला नावं ठेवणारा निष्कर्ष निघाला तर नक्की कुणाचा रोष ओढवेल हेही माहीत नाही.

त्यांनी मूल्यमापन हाती घेतलं, आणि पद्धत अशी निवडली की तिच्यात भावनेला फारशी जागा नव्हती. नववीनंतर शाळेत आलेली मुलं योजनेला अपात्र होती. म्हणून पात्र आणि अपात्र मुलांमधलं अंतर घोषणेच्या आधी किती होतं आणि नंतर किती झालं, ते मोजलं. २०१५ मध्ये वर्किंग पेपर आला. शाळा सुटल्यावर सहा वर्षांत पदवी किंवा अन्य प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे सुमारे दहाने वाढलं होतं, म्हणजे आधीच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश जास्त.

इथवर सगळे खूश. पण त्याच आकडेवारीत आणखी एक रेघ होती. वाढ झाली ती मुलींची, आणि मोठी झाली. मुलग्यांच्या पदवी पूर्ण करण्यात फरक जवळजवळ शून्य. फी माफ होती, दार उघडं होतं, तरी त्यांचं घोडं अडलं होतं. हे तळटीपेत दडवता आलं असतं. सरासरी तर चांगलीच होती. त्यांनी ते मांडलं. पुढे मुलगे शिक्षणात का मागे पडताहेत या अमेरिकेतल्या मोठ्या वादात कॅलमझूचा हा निष्कर्ष वारंवार पुढे केला गेला. योजना बंद पडली नाही, आणि संस्थेला कुणी गावाबाहेरही काढलं नाही.

पैसा कायम निधीतून येत नसता, तर हे झालं असतं का? मला शंका आहे. दर तीन वर्षांनी स्थानिक उद्योगपतींच्या दारात जावं लागणाऱ्या संस्थेने मुलग्यांची रेघ लिहिली असती, पण तेराव्या परिच्छेदात.

वाटप

संस्थेने स्वतःचं प्रकाशनही चालवलं. अर्थशास्त्रज्ञांची करिअर जर्नलमधल्या लेखांवर ठरते, पुस्तकांवर नाही. तरी धोरण ठरवणाऱ्या माणसाला सलग मांडणी लागते. राज्यं उद्योगांना करसवलती देऊन रोजगार खरंच आणतात का, यावर संस्थेतल्या एका अर्थशास्त्रज्ञाचं १९९१ चं पुस्तक अजून संदर्भासाठी उघडलं जातं. त्याच लेखकाने २०१७ मध्ये राज्याराज्यांच्या सवलतींचा विदासंच जाहीर केला. २०१८ च्या त्याच्या आढाव्यात आलं की सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी जेमतेम २ ते २५ टक्क्यांच्या निर्णयावर सवलतीचा परिणाम झाला असावा. बाकीच्या आल्याच असत्या. सामंजस्य करारांच्या फोटोंखाली रोजगारांचे आकडे वाचायची सवय असलेल्या आपल्याला हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल. विषय सोपा करून सांगणारं त्याचं २०१९ चं छोटं पुस्तक फुकट उतरवून घेता येतं.

खरं तर आता बहुतेक सगळंच फुकट आहे. वर्किंग पेपर, १९९४ पासूनची ‘एम्प्लॉयमेंट रिसर्च’ ही पत्रिका, जुनी-नवी पुस्तकं संस्थेच्या भांडारातून मिळतात. पुस्तकविक्रीचं उत्पन्न सोडून द्यायचं धाडस पुन्हा त्या कायम निधीमुळेच परवडतं.

दुसरा नमुना, शेजारी ठेवून

तुलनेसाठी बॉन. जर्मन टपाल कंपनीच्या प्रतिष्ठानाच्या पैशावर १९९८ मध्ये तिथे आयझेडए ही रोजगार-अर्थशास्त्राची संस्था सुरू झाली. कामाचा आवाका अपजॉनपेक्षा कितीतरी मोठा: जगभरच्या संशोधकांचं जाळं, १७ हजारांवर चर्चापत्रं, सगळी खुली. भारतातल्या रोजगार हमीवर किंवा स्त्रियांच्या श्रमसहभागावर वाचायला बसलात तर यातलं एखादं हाती लागतंच. पण पैसा प्रतिष्ठानाकडून चालू अनुदान म्हणून यायचा. २०२५ मध्ये प्रतिष्ठानाने हात आखडता घ्यायचा निर्णय जाहीर केला आणि संस्था वर्षअखेरीस मिटायची ठरली. जाळं लक्झेंबर्गमधल्या एका संशोधन संस्थेकडे सोपवलं गेलं. चर्चापत्रं मात्र आधीच इतक्या ठिकाणी पसरली होती की ती हरवायची भीती नव्हती.

उलट अपजॉन कंपनी नावापुरतीही स्वतंत्र उरली नाही, तरी अपजॉन इन्स्टिट्यूट आहे. डिसेंबर २०२० मध्ये कोविड लसीचे पहिले ट्रक जिथून निघाले तो कॅलमझूलगतच्या पोर्टेजचा कारखाना अपजॉनचाच वारसा, पण पाटी फायझरची. १९३२ मध्ये निधी कंपनीपासून अलग केला नसता, तर १९९५ च्या विलीनीकरणात संस्था ‘खर्चकपात’ या एका ओळीत संपली असती.

पुण्यातलं उदाहरणही आठवतंच. १९३० मध्ये साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या छत्राखाली, गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. काळ तोच, कल्पना जवळपास तीच. पण वाढत्या कामाला मूळ देणगी कशी पुरणार? १९५४ मध्ये केंद्रीय कृषी खात्याच्या निधीवर कृषी-आर्थिक संशोधन केंद्र तिथे आलं, पुढे लोकसंख्या संशोधन केंद्र आलं. कामं उत्तम झाली. फक्त अशा केंद्रांत कुठला प्रश्न आधी घ्यायचा, याचं पत्र दिल्लीहून येऊ शकतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत कच्चा दुवा रोजगार सेवेचा. जी संस्था कार्यक्रम चालवते तिनेच कार्यक्रमांवर लिहायचं, यात दोन फायदे आहेत: खिडकीवरची खरी अडचण कळते, आणि सरकारी नोंदी हाताशी असतात. पण स्वतःच्याच चार काउंट्यांबद्दल संस्थेने काही चांगलं लिहिलं, तर बाहेरच्याने ते जपूनच वाचावं. तिथलं मूल्यमापन सरसकट बाहेरच्या चमूकडे सोपवून संस्थेने फक्त विदा पुरवावी, हे मला जास्त सरळ वाटतं. खर्च वाढेल, पण तो कायम निधीने उचलावा. नाहीतर तो कशासाठी आहे?

दुसरं, इलिनॉयच्या निकालाचा पहिला गाजावाजा. एका राज्यातला, एका विशिष्ट काळातला प्रयोग होता. त्या वेळी काही बेकारांना केंद्राच्या जादा मुदतीच्या भत्त्याची सोय होती. प्रयोग चालू असतानाच ती योजना संपत आली, आणि नंतरच्या विश्लेषणात दिसलं की ती सोय असलेल्यांवरच बक्षिसाचा जास्त परिणाम झाला होता. हा उलगडा पहिल्या लेखाबरोबर आला असता तर इतर राज्यांनी अपेक्षा बेताच्या ठेवल्या असत्या.

तिसरं, भाषा आणि वाचक. दोन पानांची पत्रिका धोरणकर्त्यासाठी ठीक आहे. पण ज्याच्या बेकारभत्त्यावर प्रयोग झाला, त्या माणसाला निकाल कळवायची पद्धत या संपूर्ण व्यवस्थेत कुठे बसवलेली दिसत नाही. रोजगार सेवेची खिडकी संस्थेच्याच ताब्यात आहे. तिथे एक कागद लावायला फार पैसा लागत नाही.

आपल्याकडे कुणी असा निधी ठेवायच्या विचारात असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी तीन गोष्टी स्वतःच्या हाताने लिहून काढाव्यात. पैसा देणाऱ्या कंपनीचं काय झालं तर निधी कुणाचा राहील. विषय कोणता आणि तो किती अरुंद. आणि अहवाल छापायला कुणाची परवानगी लागेल. तिसऱ्या प्रश्नाला ‘कुणाचीच नाही’ असं उत्तर लिहिताना हात थबकला, तर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाचा, नेहमीचा करारच बरा; निदान त्यात कुणाची फसगत होत नाही.